मिटल्या तोंडाची प्रार्थना

शाळेच्या विहिरीनं तळ दाखवला तेव्हा गावाला पाताळ्याची आठवण झाली.

पाताळ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. विहिरी खोदण्यात त्यानं अर्धा जन्म जमिनीच्या पोटात काढला, म्हणून लोकांनी ते चिकटवलं आणि त्यानंही वापरून वापरून मऊ करून टाकलं. माणूस बुटका, पण खांदे असे रुंद की घराच्या दारातून तिरकं होऊन आत शिरावं लागे. बोलणं बेताचं. उन्हात आला की डोळे बारीक करून बघायचा, उजेड जणू दुसऱ्याच्या मालकीचा आहे आणि आपण न विचारता आलोय.

लागोपाठ दुसऱ्या साली पावसानं पाठ फिरवली होती. नदीच्या जागी वाळू होती आणि वाळूत खड्डे करून बायका वाटीवाटीनं पाणी गोळा करत होत्या. पोरं घरून बाटली भरून आणायची, ज्यांच्या घरी भरायलाच काही नसायचं ती सुकल्या ओठांनी फळ्याकडे बघत बसायची. मग वरून हुकूम आला, पाणी नसेल तर शाळा बंद करा, पोरांना दूरच्या शाळेत घाला. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्य बाई, स्वतः चालत टेकडीवर पाताळ्याच्या घरी आल्या. दम्यानं त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"किती खोल जावं लागेल?" त्यांनी विचारलं.

"ते खडक सांगेल."

"सुरुंग लावायचा नाही. पोरं असतात."

"मग हातानं फोडावा लागेल, बाई. वेळ लागेल."

"लागू दे," बाई म्हणाल्या आणि उंबऱ्यावरच टेकल्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तीन बल्ल्यांचं तिकाटणं उभं राहिलं, त्याला कप्पी लागली, कप्पीवरून दोर. खाली पाताळ्या एकटा. वर दोर ओढायला त्याची बायको आणि धाकटा भाऊ. पहारीचे घाव बसू लागले. मुरूम संपून काळा दगड लागला होता. त्याला छिन्नी लावून घणानं कपच्या काढायच्या, घमेल्यात भरायच्या, दोर हलवायचा. घमेलं डोक्यावरून हेलकावत वर जायचं तेव्हा पाताळ्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. वरून खडा पडला तरी त्याची गोळी होते, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

त्याची पोरगी त्याच शाळेत सहावीत होती. मधल्या सुट्टीत ती काठावर येऊन वाकायची. गोल उजेडात तिचं डोकं तेवढं दिसायचं.

"बाबा, लागलं का?"

"लागलं की सांगीन. मागं सर."

टेकडीकडच्या चार-सहा घरांचा देव गावाच्या देवापेक्षा वेगळा होता. वेगळा म्हणजे काय, हे गावातल्या कुणी कधी नीट विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्यात देवाचं नाव तोंडानं घेत नाहीत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. डोक्यावर फडकं घ्यायचं, डोळे मिटायचे, तोंड मिटायचं आणि उभं राहायचं. झालं. गाव त्यांच्या मयताला यायचं, ते गावाच्या लग्नाला जायचे. पिढ्यान्‌पिढ्या असं सुखात चाललं होतं, पाऊस पडत होता तोवर.

गावचे कारभारी वाईट माणूस नव्हते. उंच, वाळके, पांढऱ्या भुवया. त्यांनी तरुणपणी लावलेली बाग त्या साली उभ्याउभ्या वाळत होती आणि संध्याकाळी ते एकेका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून फिरत, आजारी माणसाच्या खाटेजवळून फिरावं तसे. त्यांनी मनाशी ठरवलं की मोठ्यांच्या तोंडची प्रार्थना आता वर पोचत नाही, तोंडं विटाळलीत. पोरांचा आवाज अजून स्वच्छ आहे. तेव्हा रोज सकाळी तास सुरू होण्याआधी सगळ्या शाळेनं पावसासाठी प्रार्थना करायची. त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं नाही, सांगितलं. बाई जमिनीकडे बघत राहिल्या.

रोज सकाळी कारभारी धुतलेल्या कपड्यांत शाळेच्या पायरीवर उभे राहत, एक ओळ म्हणत आणि पोरं हात पसरून ती मागं म्हणत. ते आवाज विहिरीत उतरायचे तेव्हा शब्द वरच गळून पडत, नुसता सूर खाली यायचा. पाताळ्या पहार थांबवायचा. ऐकताना त्याच्या मानेवरून काटा सरसरत जायचा. आवडायचं त्याला. या एवढ्या सुरात आपल्या पोरीचा आवाज नाही, हेही त्याला माहीत असायचं, पण एवढ्या गर्दीत ते कुणाला कळणार, असं म्हणून तो परत पहार उचलायचा.

एके दिवशी कळलं.

"पोरी, तुझा आवाज कुठंय?" कारभाऱ्यांनी पायरीवरून विचारलं. प्रेमानंच विचारलं.

ती डोक्यावर निळं फडकं घेऊन उभी होती. "आमच्यात मोठ्यानं म्हणत नाहीत, आजोबा."

"मग हळू म्हण."

"हळूपण नाही म्हणत."

पोरं हसली. कारभारी हसले नाहीत. त्यांनी विहिरीकडे माणूस धाडला. पाताळ्या दोराला धरून वर आला, तळाच्या ओलीनं कंबरेपर्यंत राड झालेला, आणि पायरीसमोर उभा राहिला. शाळेच्या शिपाईणबाईंनी पायरी नुकतीच पुसली होती. त्याच्या अंगावरचा चिखल ठिबकू लागला तशा त्या ओलं फडकं घेऊन आल्या आणि त्याच्या पायांभोवतीनं पुसू लागल्या. तो एक पाय उचलायचा, मग दुसरा.

"पाताळ्या, पाऊस कुणाचा? आमचाच का तुमचापण?"

"सगळ्यांचा, कारभारी."

"मग मागायला तुझी पोर का नको?"

शिपाईणबाई म्हणाल्या, "अहो, हा पाय उचला," आणि त्यानं उचलला.

संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढला. धाकटा भाऊ भिंतीला टेकून घणाच्या दांड्याला पाचर मारत होता. बायको वाढत होती.

"हे बघ, बाळ," पाताळ्या म्हणाला, "नुसते ओठ हलव. आवाज नको. एवढ्या पोरांत कोण बघतंय."

"ओठ हलवले की ते खोटं होईल."

"कुणाला कळणार?"

पोरगी घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. तिला खरंच प्रश्न पडला होता. "बाबा, तुम्ही तसं करता का?"

धाकट्याची पाचर मारायची थांबली. बायकोनं मान वर केली नाही. पाताळ्या ताटातलं अन्न इकडचं तिकडं करू लागला. खरी गोष्ट अशी होती की तो वर्षानुवर्षं डोक्यावर फडकं घेऊन डोळे मिटून उभा राहत आला होता आणि त्या वेळात दोर कुठं झिजलाय, छिन्नीला धार लावायचीय, याचा हिशेब मनात चालायचा. मिटल्या तोंडामागं काय आहे हे दुसऱ्याला दिसत नाही. त्यात कुणाची फसवणूक होते असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

"जेव," तो म्हणाला. "गार होतंय."

पुढं रोज तेच. सूर चालू असताना ती गप्प. गावात कुजबुज सुरू झाली की ढग टेकडीपर्यंत येतात आणि परत जातात, एक तोंड मिटलेलं आहे म्हणून. नदीच्या खड्ड्यावर पाताळ्याच्या बायकोची घागर मागं सरकवली जाऊ लागली. कुणी काही बोलायचं नाही. नुसती घागर सरकायची. ती परत पुढं ठेवायची, ती परत मागं जायची.

मग कारभाऱ्यांनी सांगितलं, म्हणायचं नसेल तर ओळीत उभं राहायचं नाही. पोरगी विहिरीच्या बाजूला, उन्हात, एकटी उभी राहू लागली. तिथंही ती फडकं डोक्यावर घ्यायची आणि डोळे मिटायची.

त्या सकाळी धाकटा पहारी शेवटायला, म्हणजे टोकं काढून घ्यायला, लोहाराकडं गेला होता. दोरावर पाताळ्याची बायको एकटीच होती. घमेलं भरून आलं, निम्म्यावर चढलं होतं, आणि तेवढ्यात कारभारी पायरीवरून म्हणाले, "मास्तर, त्या पोरीच्या डोक्यावरचं ते काढा. शाळेत हे चालणार नाही."

तरुण मास्तर आला. त्याला स्वतःला ते काम आवडत नव्हतं हे त्याच्या चालण्यावरून दिसत होतं. त्यानं पोरीच्या डोक्यावरचं फडकं ओढून घेतलं. पोरगी ओरडली नाही. तिनं दोन्ही हातांचे तळवे डोक्यावर ठेवले आणि डोळे मिटलेलेच राहू दिले.

आईनं ते पाहिलं. एवढंच झालं. हात सुटले नाहीत तिचे, पण दोर हातभर सरकला, घमेलं तिरपं झालं आणि एक कपची खाली गेली.

खालून आवाज आला नाही. तेच वाईट. बायकोनं दोर खांबाला गुंडाळला आणि काठावर पोटावर पडली. "अहो," तिनं हाक मारली. परत मारली. पोरांची प्रार्थना तुटली. सगळी शाळा विहिरीकडं धावली आणि मोठ्या बाई, ज्यांना दोन पायऱ्या चढताना थांबावं लागे, त्या सगळ्यांत पुढं होत्या.

"आहे," खालून पाताळ्या म्हणाला. "खांद्याला लागलंय. डोकं वाचलं."

त्याला वर काढलं तेव्हा उजवा खांदा फुटला होता आणि दंडावरून रक्त बोटांपर्यंत आलं होतं. कारभाऱ्यांनी स्वतःचा धुतलेला पंचा फाडून बांधला. मोठ्या बाई मात्र पाताळ्याकडं बघत नव्हत्या. डोक्यावर तळवे ठेवून उभ्या असलेल्या पोरीकडं त्या बघत होत्या. ती एवढ्या गोंधळातही अजून हललेली नव्हती. बाप वाचला हे कानावर पडल्यावर तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, तेवढंच.

मास्तरच्या हातातलं फडकं बाईंनी काढून घेतलं, झटकलं आणि तिच्या डोक्यावर घातलं. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या हे कळलं नाही. त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या पहिल्यांदाच गाडी करून मोठ्या गावाला, शिक्षणखात्याच्या कचेरीत गेल्या.

शिक्षणखात्याचे साहेब मोटारीतून येतील असं गावाला वाटलं होतं. ते बसनं आले आणि फाट्यापासून चालत आले. तरुण, कान उन्हानं लाल झालेले, काखेत पिशवी. बैठक सातवीच्या वर्गात भरली. खुर्च्या दोनच, म्हणून गावातली कर्ती माणसं पोरांच्या बाकांवर बसली आणि त्यांचे गुडघे हनुवटीला लागू लागले. कारभारी तसे बसूनही ताठ होते. पाताळ्या खांदा बांधून दाराशी उभा, शेजारी बायको, मध्ये पोरगी. खिडक्यांत पोरांची डोकी.

साहेबांनी पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलं, पण उघडलं नाही.

"कायदा दोन बाजूंनी बोलतो," ते म्हणाले. "आधी एक बाजू सांगतो. ही शाळा सगळ्यांच्या पैशावर चालते. तेव्हा शाळेला कुठल्याच पोराकडून प्रार्थना म्हणून घेता येत नाही. बाईंना नाही, मास्तरांना नाही, गावालाही नाही. एकट्या पोराकडूनही नाही."

वर्गात चुळबुळ झाली. कारभाऱ्यांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा, आणि ते ध्यानात येताच खाली घेतला. "साहेब, गाव मरायला टेकलंय. आम्ही काय चोरी शिकवत होतो?"

"नाही."

"मग शाळेला देव नको का?"

साहेबांनी खिडक्यांतल्या डोक्यांकडं पाहिलं. "शाळेला पोरं आहेत, आजोबा. देव त्यांच्यात्यांच्याकडं आहे. शाळेनं त्यात हात घालायचा नाही."

तरुण मास्तर उठला. जे झालं त्यानं तो इतका ओशाळला होता की त्याला दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची घाई झाली होती. "साहेब, मग मी उद्यापासून बंदीच करतो. आवारात कुणी देवाचं नाव घ्यायचं नाही, डोक्यावर काही नको, काही नको. सगळ्यांना सारखं."

"ही दुसरी बाजू," साहेब म्हणाले. "तेही तुम्हाला करता येत नाही. पोराला आपल्या वेळात, घंटेआधी, सुट्टीत, देवाचं नाव घ्यायचं तर घेऊ द्यायचं. मोठ्यानं घ्यायचं तर मोठ्यानं, चारजण मिळून तर चारजण. आणि तोंड मिटून उभं राहायचं तर तसं. डोक्यावरचं फडकं त्या पोरीचं आहे. तुम्ही ते काढलंत तेव्हा ते नुसतं कापड काढलं नाहीत."

मास्तर खाली बसला. पाताळ्या दाराशी उभा राहून हे ऐकत होता. कुठं तरी दूर, मोठमोठ्या खोल्यांत, त्यानं कधी न बघितलेल्या माणसांनी बसून आपल्या पोरीच्या गप्प राहण्याचा विचार केला होता. तिचं नाव माहीत नसताना. ती जन्मायच्याही आधी. तिच्या मिटल्या तोंडाला जागा ठेवली होती.

"तुला काही बोलायचंय?" साहेबांनी विचारलं. पाताळ्या पुढं सरकला, पण प्रश्न त्याला नव्हता.

पोरगी उठली नाही, कारण ती उभीच होती. तिनं आईचा पदर सोडला. "यांची प्रार्थना बंद नका करू," ती म्हणाली.

कारभाऱ्यांनी भुवया वर केल्या.

"का गं?" साहेब म्हणाले.

"मला ऐकायला आवडते. ते म्हणत असतात तेव्हा मी पण पाऊसच मागते. नुसतं मला म्हणायला लावू नका."

बाहेर एक बाटली पडल्याचा आणि गडगडत गेल्याचा आवाज झाला. कारभारी त्या लहानशा बाकावर बसल्या जागी मागं टेकले आणि पोरीकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा मऊ झाला असं म्हणता येणार नाही. पण इतके दिवस ते जिच्याकडं अडलेलं दार म्हणून बघत होते, त्या दारापलीकडं कुणी तरी राहतंय हे त्यांच्या आता लक्षात आलं होतं.

तेव्हापासून घंटेच्या आधी ज्याला हवं ते पोर झाडाखाली यायचं. पायरीवर कुणी उभं राहायचं नाही. पहिल्या दिवशी सूर लावणारं कुणी नसल्यानं पोरांची पार तारांबळ उडाली. कुणी पुढं, कुणी मागं, एक ओळ दोनदा, दुसरी गाळलेली. काही पोरं चेंडू खेळत राहिली. कारभारी शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहिले, आत आले नाहीत, आणि चुकलेल्या जागी त्यांचे ओठ हलत होते.

खांदा बरा झाला नव्हता तरी पाताळ्या परत खाली उतरला. डाव्या हातानं छिन्नी, उजव्यानं जमेल तेवढा घण. दोर आता गावातले दोघं-तिघं आळीपाळीनं ओढायला येऊ लागले. त्यातले दोघं घागर सरकवणाऱ्यांच्या घरातले होते. बायको त्यांना दोर कसा धरायचा ते दाखवायची आणि चुकले की ओरडायची.

वरून तो विस्कटलेला सूर यायचा. पाताळ्या घाव थांबवून ऐकायचा. आता त्याला त्यात दुसरंही काही ऐकू यायला लागलं होतं. सूर जिथं थांबायचा, पोरं श्वास घ्यायची, तिथं एक गप्पपणा असायचा. तो रिकामा नव्हता. त्यात त्याची पोरगी उभी होती.

पाणी लागलं ते कुणी प्रार्थना करत असताना नाही. सूर्य माथ्यावर आला होता आणि वर चौथीचा वर्ग पाढे म्हणत होता. पाताळ्याच्या उजव्या पायाची बोटं गार पडली. घाम असेल म्हणून त्यानं पाय पुसला. परत गार. तो वाकला. काळ्या दगडाच्या दोन थरांमधून एक बारीक चकाकती रेघ निघाली होती आणि दगडाच्या अंगावरून हळूहळू खाली उतरत होती. त्यानं तळवा लावला. पाण्याला धक्का होता, जिवंत माणसाच्या नाडीसारखा.

या पाण्यानं अजून उजेड बघितला नव्हता. किती काळ ते या अंधारात वाट काढत होतं, कुणास ठाऊक. पहार, घण, छिन्नी सगळं बाजूला ठेवून पाताळ्या गुडघ्यांवर बसला. वर कुणाला माहीत नव्हतं. साऱ्या गावात ही गोष्ट फक्त त्याला आणि त्या दगडाला माहीत होती. ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. मुंडाशाचं टोक ओढून त्यानं डोक्यावर घेतलं. डोळे मिटले. दोर, धार, पाचर, काही म्हणजे काही मनात आलं नाही. तळव्याखाली ती नाडी चालू होती. एवढी वर्षं तो ज्या दाराशी दुसरंच काही मोजत उभा राहत आला होता, ते आज त्यानं न ढकलता उघडलं होतं आणि आत काय आहे हे बघून त्याच्या अंगात नुसतं हलकंपण उरलं होतं.

पाणी गुडघ्यांना लागलं तेव्हा त्यानं दोर हलवला.

"घमेलं नको आता," तो वर म्हणाला. "बादल्या सोडा."

शाळा सुटायच्या आत बातमी गावभर झाली. माणसं घागरी घेऊन धावली. कारभारी सगळ्यांच्या पुढं होते, धुतलेल्या कपड्यांत. त्यांना आधी देवाचे आभार मानायचे होते, मग पाणी. माणसं फाटकातून आत शिरू लागली तसे ते दोन्ही हात आडवे पसरून उभे राहिले.

"आत नको. आत शाळा आहे."

"आता पाणी लागलंय, कारभारी. आता कोण विचारतंय?"

"मी विचारतोय," कारभारी म्हणाले.

म्हणून सगळं गाव फाटकाबाहेर रस्त्यावर उभं राहिलं. घंटा झाली, पोरं बाहेर पडली आणि आपापल्या घरच्यांत मिसळली. पाताळ्या चिखलानं भरलेला, बायकोचा हात त्याच्या चांगल्या खांद्यावर. पोरगी त्यांच्या पुढं येऊन उभी राहिली आणि तिनं निळं फडकं डोक्यावर घेतलं.

कारभाऱ्यांनी पहिली ओळ म्हटली. त्यांचा आवाज मध्येच फाटला, मग सावरला. गावानं ती उचलली. मोठी माणसं, पोरं, नदीवर घागरी सरकवणाऱ्या बायका, सगळी. पाताळ्यानं विहिरीत हा सूर नेहमी शब्दांवाचून ऐकला होता. आज प्रथमच शब्दांसकट, समोरून ऐकला. मोठा होता तो. छातीत घुमत होता.

शेवटची ओळ झाली. घागरी उचलल्या गेल्या, माणसं पुढं सरली, आणि कारभाऱ्यांनी हात वर केला.

"थांबा."

"काय झालं?"

"तिचं चाललंय अजून."

सगळे वळले. पोरगी डोळे मिटून उभी होती. घागरी हळूच परत खाली टेकल्या. एक बाळ किरकिरलं, आईनं त्याला उराशी घट्ट धरलं. रस्ता, फाटक, धूळ, सुकलेली झाडं आणि एवढी तहानलेली माणसं, सगळी एका पोरीसाठी गप्प उभी राहिली. पाताळ्याला वाटलं, खांद्याला हात लावून तिला सांगावं, बाळ, आवर, लोक खोळंबलेत. हात उचललाही त्यानं. मग तो तसाच खाली घेतला. पोटची पोर, पण त्या क्षणी तिच्याजवळ जायची त्याची छाती झाली नाही.

तिला घाई नव्हती. तिला कुणी वाट बघतंय हे माहीतच नव्हतं. गप्पपणा वाढत गेला, रस्ताभर पसरला, आणि त्यात दुरून, विहिरीच्या तळातून, पाणी दगडावर पडत असल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येऊ लागला. काहींनी नकळत डोळे मिटले.

तिनं डोळे उघडले आणि समोर सगळं गाव आपल्याकडं बघतंय हे दिसताच दचकून आईकडं सरकली.

"झालं तुझं?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"एवढा वेळ काय मागत होतीस गं?"

"मागत नव्हते, आजोबा," ती म्हणाली. "आज नुसतीच उभी होते."

काही तरी बोलायला कारभाऱ्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग ते फाटकातून बाजूला झाले आणि बायकांना वाट करून दिली.